पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीमध्ये अ‍ॅरे आणि मॅट्रिक्स यांत नेमका फरक काय?

तुम्ही 1, 2 आणि 3, 4 अशा दोन ओळी एकदा अ‍ॅरेत भरल्या, एकदा मॅट्रिक्समध्ये, आणि दोन्हींचा वर्ग केला. अ‍ॅरेने 1, 4, 9, 16 दिले, मॅट्रिक्सने 7, 10, 15, 22. यातलं बरोबर कोणतं, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही बरोबर आहेत. अ‍ॅरेने प्रत्येक आकड्याचा सुटा वर्ग केला. मॅट्रिक्सने पहिली ओळ पहिल्या स्तंभाशी जोडली: 1×1 + 2×3 = 7, आणि पुढे तसंच.

हा ओळ-स्तंभांचा खटाटोप कशासाठी, ते कळलं की फरक कायमचा डोक्यात बसतो. अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची मांडणी, एवढंच. ते आकडे तापमानाचे असोत की फोटोच्या पिक्सेलचे, त्याला देणंघेणं नाही. मॅट्रिक्स मात्र काहीतरी करते: एका बिंदूला उचलून दुसरीकडे नेते. पहिली ओळ 0, -1 आणि दुसरी 1, 0 अशी मॅट्रिक्स घ्या. ती प्रतलावरच्या कुठल्याही बिंदूला 90 अंशांनी फिरवते. दोनदा फिरवलं तर 180 अंश व्हायला हवेत. मॅट्रिक्स म्हणून वर्ग करा: -1, 0 आणि 0, -1 येतं, म्हणजे बरोबर 180 अंश. आता घटकागणिक वर्ग करा: 0, 1 आणि 1, 0. हे फिरवणं उरलंच नाही, हे आरशातलं प्रतिबिंब झालं, क्ष आणि य यांची अदलाबदल! उलट, फोटो उजळ करायला प्रत्येक पिक्सेलला आपापल्या गुणकाने गुणायचं असेल, तर घटकागणिक गुणाकारच हवा. तिथे मॅट्रिक्स गुणाकाराला काही अर्थ नाही.

दुसरा फरक मितींचा, आणि माझ्या मते जास्त त्रास हाच देतो. नमपायची मॅट्रिक्स कायम दोन मितींची. अ‍ॅरेला एक, दोन, तीन, कितीही मिती चालतात; रंगीत फोटो सहज तीन मितींचा होतो. अ‍ॅरेतून एक स्तंभ काढला की हातात एकमितीय अ‍ॅरे येतो. तो उभाही नसतो, आडवाही नसतो, आणि त्याचा ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) घेतला तरी तो जसाच्या तसा राहतो. मॅट्रिक्समधून काढलेला स्तंभ मात्र उभाच राहतो.

यात मी स्वतः दोन दिवस अडकले होते. खरी उत्तरं 100 आकड्यांच्या एकमितीय अ‍ॅरेत होती, अंदाज बांधणाऱ्या मॉडेलची उत्तरं 100×1 आकाराची. वजाबाकी केली. ब्रॉडकास्टिंगच्या, म्हणजे वेगवेगळे आकार आपोआप ताणून जुळवण्याच्या, नियमाने नमपायने मुकाट्याने 100×100 चा तक्ता बनवला: प्रत्येक उत्तरातून प्रत्येक उत्तर वजा. त्याच्या वर्गांची सरासरी एक साधासुधा आकडा होता, कुठेही एरर नाही. मॉडेल कितीही सुधारलं तरी चूक काही कमी होईना, कारण ती खरं उत्तर आणि त्याच्याच जोडीचं मॉडेलचं उत्तर यांतली चूक नव्हतीच. तेव्हापासून वजाबाकीआधी दोन्हींचा शेप (आकार) छापून बघते. तुम्हीही बघा.

मग वापरायचं काय? अ‍ॅरे. नि:शंकपणे. मॅट्रिक्सचा वेगळा प्रकार सोयीचा वाटायचा, कारण मॅट्रिक्स गुणाकाराला पायथनमध्ये स्वतंत्र चिन्ह नव्हतं. त्यासाठीचं डॉट फंक्शन एकात एक गुंफत बसावं लागे. सप्टेंबर 2015 मध्ये पायथन 3.5 आलं आणि @ हे चिन्ह मिळालं. आता * म्हणजे घटकागणिक, @ म्हणजे मॅट्रिक्स गुणाकार, आणि दोन्ही एकाच अ‍ॅरेवर. नमपायचं अधिकृत दस्तऐवजीकरणही आता सांगतं की रेषीय बीजगणितासाठीसुद्धा मॅट्रिक्सचा तो प्रकार वापरू नका. मला पटणारं कारण असं: दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनला काय मिळणार हे ठाऊक नसेल, तर आतल्या * चा अर्थही ठाऊक नसतो.

सायपाय या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीतल्या स्पार्स (बहुतेक शून्यं असलेल्या) मॅट्रिक्सशी गाठ पडली तर जपून. तिथे * अजूनही मॅट्रिक्स गुणाकारच करतो, 1.8 आवृत्तीपासून स्पार्स अ‍ॅरेही आहेत, ते नेहमीच्या अ‍ॅरेसारखे वागतात. मॅटलॅब आणि ज्युलिया या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्येही * म्हणजे मॅट्रिक्स गुणाकार, घटकागणिक हवा तर आधी टिंब.

तुमचा जुना कोड बदलताना मॅट्रिक्स आधी अ‍ॅरेत बदला, मग प्रत्येक * थांबून वाचा आणि जिथे मॅट्रिक्स गुणाकार अभिप्रेत आहे तिथे @ लिहा.  घात काढणारं ** हे चिन्ह बदलायचं राहून जातं, त्याच्या जागी मॅट्रिक्स-पॉवर फंक्शन घाला. स्तंभ वेगळा काढला असेल तिथे शेप तपासा. आणि समीकरणं सोडवण्यासाठी व्यस्त मॅट्रिक्स काढून गुणत असाल, तर हात लावलाच आहे तर तिथे सरळ सॉल्व्ह फंक्शन वापरा. काम कमी पडतं आणि उत्तर सहसा जास्त अचूक येतं.