वाचकांचे प्रश्न : ओळख विमानांची

प्रश्न : चौकाचौकांत, शाळा-कॉलेजांच्या आवारात जुनी मिग-२१ उभी दिसतात. एफएल, एम, बिस, बायसन यांतलं नेमकं कोणतं, हे खालून बघून कसं ओळखायचं? पाटीवर नुसतं ‘मिग-२१’ असतं.
– वाचक, नाशिक रोड

उत्तर : रंग आणि अंगावरचा क्रमांक यांवर पहिल्यांदा विसंबू नका. चौथऱ्यावर चढवताना विमान पुन्हा रंगवतात, आणि त्यात क्रमांक, चिन्हं बदललेली असू शकतात. सांगाडा मात्र खोटं बोलत नाही. चार जागा बघा : काच, पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची नळी), पाठ आणि पोट.

सुरुवात काचेपासून करा. एफएलची कॅनॉपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) एकसंध असते आणि पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे अख्खी पुढे उलटते. म्हणून तिच्या मधून आडवी जाड चौकट जात नाही. एम आणि बिसमध्ये समोरची काच पक्की बसवलेली, तीन तुकड्यांची. तिच्या मागे जाड कमान आणि त्यामागची कॅनॉपी उजवीकडे उघडणारी. बायसनमध्ये ती कमान आहेच, पण समोरची काच गुळगुळीत, एकाच तुकड्याची. अंतर्गत बदल (कोप्यो रडार, आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रं डागण्याची सोय) बाहेरून दिसत नाहीत; त्यामुळे बायसन ओळखायला ही काचच सर्वांत सोपी खूण.

नंतर नाकापुढे आलेली लांब पिटो नळी बघा. एफएलच्या आधीच्या एफ-१३ या प्रकाराला ती नाकाखाली असते, एफएलला वर अगदी मध्यावर, तर एम आणि बिसला वर पण उजवीकडे सरकलेली. (उजवीकडे म्हणजे वैमानिकाच्या उजवीकडे, समोरून बघताना हमखास घोटाळा होतो.)

पाठीवरचा उंचवटा म्हणजे वाढत गेलेली इंधनाची आणि उपकरणांची जागा. एफएलची पाठ सडपातळ, एमची भरलेली, बिसची त्याहून जाड आणि शेपटाच्या मुळापर्यंत तशीच भरदार गेलेली. दोन प्रकारची विमानं शेजारी असतील तर हा फरक लगेच कळतो, एकटं असेल तर चुकण्याचा संभव असतो. म्हणून पोटाखाली वाकून बघा. एमपासून पुढे २३ मिमीची जुळ्या नळीची जीएसएच-२३ तोफ पोटातच अर्धी बसवलेली आहे. एफएलमध्ये अंगभूत तोफच नव्हती. गरजेपोटी तिला मध्यरेषेवर जीपी-९ नावाचा तोफेचा पॉड टांगत. पण एफएलला टांगायच्या जागा तीनच : प्रत्येक पंखाखाली एक आणि पोटाखाली एक. पॉड लावला की पोटाखालची इंधनटाकी गेली, म्हणजे पल्ला घटला. एमला पंखांखाली चार पायलॉन (टांगायच्या जागा) मिळाले, ही त्या अडचणीवरची सुधारणा. पायलॉन मोजायला दुर्बीणही लागत नाही. फक्त प्रदर्शनासाठी ते काढून ठेवलेले असू शकतात, तेव्हा पंखाच्या खालच्या बाजूला त्यांच्या बोल्टच्या जागा शोधा.

वायुदलात ही विमानं १९६३ मध्ये आली, एफएलला निरोप डिसेंबर २०१३ मध्ये आणि शेवटच्या बायसनला चंदीगडमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी. ओझरच्या एचएएलमध्ये एफएल, एम आणि बिस या तिन्ही प्रकारांची बांधणी झाली आहे, त्यामुळे नाशिककरांनी हा फरक पाठच करावा.

प्रश्न : गोव्यात नौदलाच्या संग्रहालयातल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाला तीन शेपट्या का?
– वाचक, वास्को

उत्तर : शेपटीच्या उभ्या पंखाला लागणारं क्षेत्रफळ एकाच फिनमध्ये बसवलं असतं तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळातल्या हँगरमध्ये विमान शिरलं नसतं. म्हणून तेच क्षेत्रफळ तीन बुटक्या फिनांत वाटलं. हे विमान आधी एअर इंडियाकडे, मग वायुदलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आलं. इंजिनाजवळ गेलात तर जरा थांबा : प्रत्येक इंजिनाला १८ सिलिंडर आहेत, आणि धुराची वाया जाणारी शक्ती परत मुख्य दांड्याला देणारी तीन टर्बाइन्ससुद्धा.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर १०९० मेगाहर्ट्झचा (विमानं स्वतःची जागा कळवतात ते संदेश पकडणारा) रिसीव्हर लावला. वरची विमानं ३५० किमीवरूनही दिसतात, पण मुंबईत उतरणारी मध्येच गायब होतात. लोहगावची लढाऊ विमानं तर दिसतच नाहीत.
– वाचक, कोथरूड

उत्तर : या लहरी सरळ रेषेत जातात. पल्ल्याचा ठोकताळा असा : अँटेना आणि विमान यांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. अँटेना १६ मीटरवर आणि विमान १०,००० मीटरवर असेल तर सुमारे ४२८ किमी. तेच विमान १,००० मीटरपर्यंत उतरलं की हिशेब सुमारे १४७ वर येतो, आणि तोही सपाट जमिनीचा. तुमच्या आणि मुंबईच्या मध्ये घाटमाथा उभा आहे. म्हणजे यंत्र ठीक आहे, डोंगर आडवा आहे.

तुमच्या हातात आहे ती केबल. १० मीटर आरजी-५८ वापरली असेल तर या फ्रिक्वेन्सीवर साधारण तीन-चतुर्थांश शक्ती वाटेतच जिरते. रिसीव्हर आणि रास्पबेरी पाय (त्याला जोडलेला छोटा संगणक) अँटेनाजवळ, पाऊस लागणार नाही अशा डब्यात ठेवा आणि खाली फक्त नेटवर्कची वायर आणा. अँटेना घरीच करायची तर मधली उभी तार ६.९ सेंमी (तरंगलांबीचा चौथा भाग) आणि तेवढ्याच चार तारा ४५ अंशात खाली वाकवलेल्या. शेजारी मोबाइल टॉवर असेल तर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा जोरदार सिग्नल रिसीव्हरला गुदमरवतो. मग आधी १०९० चा बँडपास फिल्टर (तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला वाट देणारा) लावा. गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) मात्र शेवटच्या टोकाला नेऊ नका, जवळची विमानं गळतात.

लढाऊ विमानं बहुतेक वेळा स्वतःची जागा प्रसारित करत नाहीत. तो त्यांचा निर्णय, तुमच्या यंत्राचा दोष नव्हे. लोहगाव संरक्षण दलाचा तळ आहे, तिथे छायाचित्रणाला मनाई आहे; ती पाळाच.

प्रश्न : जेआरडींच्या कराची-मुंबई उड्डाणाचा म्हणून फिरणारा फोटो १९३२ चाच कशावरून?
– वाचक, सोलापूर

उत्तर : १५ ऑक्टोबर १९३२ चं विमान होतं पस मॉथ; १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केलं ते लेपर्ड मॉथमधून. पंख टोकाकडे निमुळते आणि मागे झुकलेले असतील तर लेपर्ड. चाकाचा शॉक-स्ट्रट (धक्का झेलणारा दांडा) थेट वर पंखाच्या मुळापाशी जात असेल तर पस मॉथ. लेपर्डचा स्ट्रट इंजिनामागच्या भिंतीपाशीच संपतो. आणि फोटोत जुहूचं कोरडं मैदान दिसत असेल तर तो पावसाळ्यातला नाही हेही ओळखा : पावसाळ्यात जुहूवर पाणी साचायचं, म्हणून टाटांची टपालविमानं तेवढे महिने पुण्याहून उडत.