जुन्या गाडीच्या कंपनी स्टिरिओला ऑक्स (बाहेरचा आवाज जोडायचं ३.५ मिमीचं सॉकेट) आहे, पण नव्या फोनला हेडफोनचा जॅक नाही. गोव्यात गाडी चालवताना फोनवरची गाणी कशी ऐकावी?

ऑक्समध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. स्टिरिओ बदलायची अजिबात गरज नाही. आवाज एफएम ट्रान्समीटरपेक्षा खूपच स्वच्छ येतो, कारण सिग्नल रेडिओवरून न जाता थेट अॅम्प्लिफायरकडे जातो. रिसीव्हर फोनशी पेअर करा, स्टिरिओचा सोर्स 'ऑक्स' ठेवा, फोनचा आवाज ८०-९० टक्क्यांवर नेऊन पुढचं कमी-जास्त स्टिरिओवरूनच करा. फोनचा आवाज कमी ठेवून स्टिरिओचा वाढवला तर खरखरही वाढते.

रिसीव्हर गाडीच्या चार्जरवर चालवताना इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडला गेल्याने येणारा आवाज. रिसीव्हर आणि ऑक्सच्या मध्ये ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, किंवा बॅटरीवाला रिसीव्हर घेऊन गाडी चालू असताना चार्ज करू नका. मात्र तो पणजी-कळंगुटच्या उन्हात डॅशबोर्डवर सोडू नका, लिथियमची बॅटरी फुगते.

एकाच बाजूने आवाज येत असेल तर आधी ऑक्सचं सॉकेट तपासा. खाऱ्या, दमट हवेत आतले कॉन्टॅक्ट गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन काही वेळा आत-बाहेर करा. सॉकेटच सैल झालं असेल तर मात्र ते बदलावंच लागेल.