गोड लागतं, पण गोडी लागत नाही

प्रश्न नागपूरच्याच एका वाचकाचा आहे. आईच्या डिप्रेशनबद्दल हॉस्पिटलातून मिळालेल्या माहितीपत्रकात 'नैराश्य' छापलंय, घरी येणाऱ्या हिंदी पेपरात 'अवसाद' असतं, आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांचा आग्रह 'औदासीन्य' म्हणा असा. आई मात्र म्हणते, "निराश-बिराश काही नाही रे, मन नाही लागून राहिलं." संत्रा बर्फी आणली तर तिने एक वडी खाल्ली, 'चांगली आहे' म्हणाली, आणि नंतर डब्याकडे फिरकलीसुद्धा नाही. यातला बरोबर शब्द कोणता?

तिन्ही जड शब्द आधी उरकून घेऊ. 'नैराश्य' म्हणजे आशा सुटणं. पण पोरगं स्पर्धा परीक्षेत नापास झालं तरी आपण तेच म्हणतो, त्यामुळे आजार कुठला आणि हिरमोड कुठला हे कळत नाही. 'औदासीन्य' हा तर एकेकाळी सद्गुण होता. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी' मधला उदास माणूस खिन्न नाही, अनासक्त आहे. 'अवसाद' हिंदीतून आला म्हणून काही जण नाक मुरडतात. (१९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपूरने हिंदीचा इतका विटाळ मानावा, याची मला गंमत वाटते.) शब्द संस्कृत आहे, गीतेत 'नात्मानमवसादयेत्' आहेच. खचणं, बसून जाणं हा त्याचा अर्थ आजाराच्या बराच जवळ जातो, पण मराठी घरात तो कुणाच्या तोंडी नाही.

माझं मत आईच्या बाजूने आहे, आणि ते 'लागणे' या क्रियापदामुळे. बर्फी गोड लागते, आणि बर्फीची गोडी लागते. पहिलं जिभेवरचं, त्या क्षणापुरतं. दुसरं म्हणजे शिकणं: चव मिळाली, मेंदूने नोंद घेतली, पुढच्या वेळी हात आपोआप डब्याकडे गेला. साखरेच्या पाण्याच्या चाचण्यांत डिप्रेशनच्या रुग्णांना ते पाणी साधारण इतरांइतकंच छान लागतं असं दिसलंय. अडतं ते पुढे.

कसं अडतं, ते अमेरिकेतले संशोधक डिएगो पिझागाली यांच्या प्रयोगात पाहायला मिळतं. पडद्यावर एक साधा रेखाटलेला चेहरा येतो, त्याला तोंड नसतं. मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरती तोंडाची रेघ उमटते, कधी आखूड, कधी लांब. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. कोणती होती ते बटण दाबून सांगायचं. दोन्ही रेघा सारख्याच वेळा येतात, पण एकीच्या बरोबर उत्तराला तिप्पट वेळा बक्षीस मिळतं, आणि हे कुणी सांगत नाही. निरोगी माणूस नकळत त्या फायद्याच्या उत्तराकडे झुकतो. डिप्रेशनमध्ये हा झुकाव कमी पडतो. बक्षीस हातात पडतं, पण त्याची चटक लागत नाही.

पेपरांतून 'आनंदाचं रसायन' म्हणून मिरवणारं डोपामिन इथे येतं, आणि ते बिरुद चुकीचं आहे. मेंदू-संशोधक व्होल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासल्या. माकडाला फळांचा रस अनपेक्षित मिळाला की त्या पेटत. रसाआधीची खूण ओळखीची झाली की खुणेलाच पेटत, रसाला नाही. आणि रस आलाच नाही तर मंदावत. म्हणजे त्या मोजतात अपेक्षा आणि प्राप्ती यांतली तफावत, आणि त्या तफावतीतूनच शिकणं होतं. डिप्रेशनमध्ये ही मोजणीच बिघडते, की मोजणी शाबूत राहून बक्षिसाची किंमतच कमी वाटते, यावर संशोधकांचं एकमत नाही. २०१७ मधल्या एका अभ्यासात मध्यम डिप्रेशन असलेल्यांच्या मेंदूत तफावतीचा संकेत ठीकठाक आढळला होता.

आता त्याच क्रियापदाची उलटी बाजू. बोलणंही मनाला लागतं. संशोधक ग्रेग सीगल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना नकारात्मक शब्द दाखवून अमिग्डला या मेंदूतल्या भागाची हालचाल टिपली. इतरांमध्ये ती दहा सेकंदांच्या आत ओसरली. डिप्रेशनच्या रुग्णांमध्ये पंचवीस सेकंदांनंतरही, मधे दुसरं साधं काम दिलेलं असताना, चालूच होती. गोडी लागत नाही, आणि टोमणा मात्र लागून राहतो.

गोडी न लागण्याच्या या लक्षणाचं वैद्यकीय नाव 'अ‍ॅनहेडोनिया', फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८९६ मध्ये घडवलेलं. त्याचा 'सुखाभाव' वगैरे करायच्या भानगडीत मी पडणार नाही. आजाराला डिप्रेशनच म्हणा, लेखी कागदावर नैराश्य चालेल. डॉक्टरांना मात्र आईचं वाक्य जसंच्या तसं सांगा. दोन आठवडे किंवा जास्त टिकलेली खिन्नता किंवा नाहीशी झालेली गोडी, या दोन मुख्य लक्षणांपैकी एक तरी असल्याशिवाय हे निदान होत नाही. त्यामुळे 'मी निराश नाही' म्हणणाऱ्या बाईलाही डिप्रेशन असू शकतं.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. 'मन लावणे' आपल्या हातात असतं, 'मन लागणे' नसतं. तिथे माणूस कर्ता नसतोच, 'तिचं मन' कर्ता असतं. म्हणून 'जरा मन लाव ना' हे नातेवाइकांचं पेटंट वाक्य फुकट जातं. उपचारांत वर्तन-सक्रियता नावाची एक पद्धत आहे, ती मन लागायची वाट पाहत नाही: संध्याकाळी सहाला गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, इतकंच ठरवायचं, मन असो वा नसो, आणि परतल्यावर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. आईला "चल, बरं वाटेल" म्हणण्याऐवजी "चल, सहा वाजले" म्हणून पाहा.