परीक्षेला पाच दिवस उरलेत. इंग्रजी व्याकरणाचे नियम पाठ आहेत, पण वाक्य बदलून लिहायला आलं की चुकतं. उजळणी कशी करू?

नियम पाठ असूनही चुकत असेल तर तेच नियम पुन्हा वाचण्यात दिवस घालवू नका. वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. पाच दिवसांत हातात पेन हवं आणि लक्ष एकाच गोष्टीवर हवं: सहाय्यक क्रियापद. टेन्स, पॅसिव्ह, इनडायरेक्ट, क्वेश्चन टॅग, 'नो सूनर' हे पुस्तकात वेगवेगळे धडे असले तरी प्रत्येकात हलतं ते मुख्यतः हेच, आणि मार्कही बहुतेक इथेच जातात.

पहिला तास फक्त जोड्यांना द्या. डू, डज, डिड यांच्यापुढे मूळ रूप. विल, वुड, कॅन, कुड, मस्ट यांच्यापुढेही मूळ रूप. हॅव, हॅज, हॅड यांच्यापुढे तिसरं रूप. इज, आर, वॉज, वेअर यांच्यापुढे दोन पर्याय: काम चालू असेल तर आयएनजी, पॅसिव्ह असेल तर तिसरं रूप. 'डिड नॉट वेन्ट' किंवा 'हॅज वेन्ट' लिहिणाऱ्याचं टेन्स कच्चं नसतं, ही जोडी कच्ची असते.

मग एक साधं वाक्य घ्या आणि त्याला सगळ्या रचनांतून फिरवा. 'ही ब्रोक द विंडो' घेऊ. यात सहाय्यक दिसत नाही, पण 'ब्रोक'मध्ये 'डिड' लपलेलं आहे. नकार करताना ते बाहेर येतं: 'ही डिड नॉट ब्रेक द विंडो'. प्रश्नात ते पुढे येतं: 'डिड ही ब्रेक द विंडो?' टॅगमध्येही तेच: 'डिडन्ट ही?' पॅसिव्ह: 'द विंडो वॉज ब्रोकन बाय हिम'. इनडायरेक्ट: 'ही सेड दॅट ही हॅड ब्रोकन द विंडो'. शेवटी 'नो सूनर हॅड ही ब्रोकन द विंडो दॅन ही रॅन अवे'. अशी रोज पाच वाक्यं, प्रत्येक वेगळ्या काळातलं. कंटाळवाणं आहे, पण दहा पानं वाचण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आता नेमकं कुठे घसरतं ते पाहा.

पॅसिव्हमध्ये चालू काळातलं 'बीइंग' सर्रास गळतं. 'दे आर रिपेअरिंग द रोड' याचं 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड' होतं. 'बीइंग' गेलं की रस्ता दुरुस्त होऊन मोकळा झाला! मूळ वाक्यात 'मेक' असेल तर पॅसिव्हमध्ये 'टू' येतो: 'दे मेड मी वेट' म्हणजे 'आय वॉज मेड टू वेट'. आणि हॅपन, अराइव्ह, डाय, डिसअपिअर यांना कर्म नाही, म्हणून पॅसिव्हही नाही. 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' चुकीच्या वाक्यांच्या प्रश्नात हमखास दिसतं.

इनडायरेक्टमध्ये विधानं सोपी जातात, प्रश्न अडवतात. 'व्हेअर डू यू लिव्ह?' याचं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड'. आत घेतल्यावर तो प्रश्न राहत नाही, म्हणून 'डू' निघून जातो, कर्ता क्रियापदाच्या आधी येतो आणि प्रश्नचिन्हही जातं. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'. तिथे 'दॅट' लावला की चूक. कुड, वुड, शुड, माइट तसेच राहतात. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' आणि 'अगो'चं 'बिफोर' करायला विसरू नका.

काळात आपली मराठी आड येते. 'मी इथे पाच वर्षांपासून राहतो' हे मराठीत साध्या वर्तमानात बरोबर आहे, म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' सहज लिहिलं जातं. त्यात दोन चुका आहेत. काम अजून चालू आहे म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग', आणि पाच वर्षं हा कालावधी आहे म्हणून 'फॉर'. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणाला: 'सिन्स २०२०', 'सिन्स मंडे'. उलट यस्टरडे, लास्ट वीक, अगो असा संपलेला वेळ वाक्यात असेल तर 'हॅव' येऊच शकत नाही, साधा भूतकाळच.

'इफ'च्या वाक्यांत नेहमीची चूक एकच: 'इफ'च्या भागात 'विल' किंवा 'वुड' घुसवणं. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे', 'इफ आय न्यू, आय वुड टेल यू', 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. ही तीन वाक्यं जशीच्या तशी पाठ करा. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, दुसरा 'नॉट' लावला की अर्थ उलटतो.

'टू-टू'चं 'सो-दॅट' करताना एक शब्द परत आणावा लागतो. 'द टी इज टू हॉट फॉर मी टू ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट'. शेवटचा 'इट' नसेल तर वाक्य अपुरं राहतं. मूळ वाक्य भूतकाळी असेल तर 'कुड नॉट'.

टॅगमध्ये हार्डली, सेल्डम, नेव्हर, फ्यू, लिट्ल हे नकारच धरा. टॅग होकारी येईल. 'लेट्स'ला 'शॅल वी?', 'आय ॲम'ला 'आरन्ट आय?', 'नोबडी'ला 'दे'. बाकी टॅगवर फार वेळ घालवू नका, अर्ध्या तासाचं काम आहे.

जुन्या पेपरांतली वाक्यं सोडवताना चुकलेल्या प्रत्येक वाक्याशेजारी कारण एका शब्दात लिहा: सहाय्यक, रूप, क्रम की गळलेला शब्द. तिसऱ्या दिवशी मोजा आणि उरलेले दोन दिवस जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल त्यालाच द्या. आदल्या संध्याकाळी नवीन काही नको, फक्त फसवी रूपं चाळा: लाय-ले-लेन म्हणजे आडवं होणं, ले-लेड-लेड म्हणजे ठेवणं, राइज-रोज-रिझन आपोआप वर जाणं, रेझ-रेझ्ड-रेझ्ड कशाला तरी वर करणं.