सुईदोरा : मावशीला विचारा

प्रश्न : मावशी, पाऊस गेला म्हणून माळ्यावरची ट्रंक उघडली. सासूबाईंची चार सुती नऊवारी लुगडी आहेत. कुबट वास येतो, दोघांवर काळे ठिपके पडलेत. त्यांची गोधडी दिवाळीच्या आत करायची आहे. मागे एक मशिनवर शिवली तर मधोमध झोळ आला. आता मशिनही अडकलंय.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अगं, दिवाळीची मुदत आधी सोड. तेव्हा फराळ करशील की टाके घालशील? ऑक्टोबरात एवढंच कर, ऊन साधून घे. नाकाला पदर बांधून लुगडी अंगणातच झटक, ती बुरशी घरात नको. मग खळ पार निघेपर्यंत धू. खळ राहिली की सुई जड चालते आणि कसरीची चंगळ होते. ठिपक्यांवर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेव. फिके होतील, जुने असले तर जाणारही नाहीत. ते तुकडे आतल्या थरांत जाऊ देत, कोण बघायला येतंय! वाळत मात्र सकाळीच घाल. पाऊस गेला म्हणतेस, पण परतीचा दुपारनंतर गडगडत येतो, आणि तेव्हा घरातली सगळी माणसं भाताच्या मळणीकडे धावतात, तुझ्या लुगड्यांकडे नाही.

नऊवारी साधारण आठ मीटरची. दोन-दोन मीटरचे चार तुकडे कर. काठाला काठ जोडून दोन तुकड्यांचा एक थर धरला, तर तीन लुगड्यांत सहा थरांची, दोघांना पुरणारी गोधडी होते. आपल्याकडच्या थंडीला तेवढी पुरे. आठ थर घाटावरच्यांना. चौथं लुगडं राखून ठेव. भर म्हणून पॉलिस्टरची साडी आत घुसडू नकोस, ती सुताशी कधी जमवून घेत नाही.

झोळाचं म्हणशील तर दोष तुझ्या हाताचा नाही. मशिनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरच्यावर दाबपट्टीचा भार असतो, म्हणून वरचा मागे रेंगाळतो. दोन थरांना हे चालून जातं, सहांना नाही. गोधडी हातानेच घाल. जमिनीवर सगळे थर पसर, कोपऱ्यांवर पाट ठेव, आणि मधून कडेकडे हात फिरवत वीत-वीत अंतरावर कच्चे टाके टाक. पक्का धावदोरा त्यानंतर, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. कच्चे टाके घालायचा कंटाळा केलास तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

मशिनला खाऱ्या हवेचा गंज चढला असेल. शटल आणि बॉबिनकेस काढून धुरळा नि दोऱ्याचे तुसे साफ कर, मशिनचं तेल थेंब-थेंब सोड आणि आधी चिंधीवर चालव. खोबरेल नको! घरात हाताशी असतं म्हणून आपल्याकडे सर्रास घालतात, आणि ते आत चिकट होऊन बसतं.

प्रश्न : साडीच्या उरलेल्या काठांचा आकाशकंदील करता येईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : मस्त होतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांध, वर जुन्या पांढऱ्या धोतराचं कापड ताणून शिव, काठ कडांना लाव. जरीचे काठ बाहेरून लावावेत, कारण उजेड त्यांच्यातून नीट येत नाही. झिरमिळ्या सैल सोड, समुद्रावरच्या वाऱ्याला हलायला काहीतरी हवं. आत बल्ब एलईडीचाच लाव. जुना पिवळा तापतो आणि कापड करपवतो.