नेव्हिगेशन बारवरचं दोन ओळींचं टायटल मधोमध का बसत नाही?

तुम्ही विचारलंय: चॅटच्या स्क्रीनवर वर नाव आणि खाली ‘ऑनलाइन’ असं दोन ओळींचं टायटल यूआयकिटमध्ये (आयफोनवरच्या स्क्रीन बांधायच्या अ‍ॅपलच्या साधनसंचात) लावलंय, पण बॅक बटणाचा मजकूर लांब असला की ते उजवीकडे ढकललं जातं. मग सिस्टिमचा नेव्हिगेशन बार (टायटल आणि बॅक बटण असलेली वरची पट्टी) लपवून आपलाच एक व्ह्यू (पडद्यावरचा चौकोनी भाग) वर ठेवला तर चालेल का?

नाही. ठेवू नका. टायटल मध्यावर आणायचा उपाय खाली सांगते, तो फार मोठा नाही. पण ‘आपलाच बार’ हे शब्द वाचले आणि आधी त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

2016 साली मी ज्या टीममध्ये होते तिथे हाच प्रश्न आला होता. ऑर्डरचा क्रमांक वर, तिची स्थिती खाली. डिझायनरने चित्रात ते बरोबर मधोमध काढलेलं, आणि फोनवर मात्र एका स्क्रीनवर ते चांगलंच उजवीकडे दिसत होतं. मी म्हणाले, आपण टायटल व्ह्यूला दिलेली रुंदीच चुकते आहे, मला एक दिवस द्या, शोधून काढते. आमचे लीड म्हणाले, दिवस घालवायची गरज नाही. सिस्टिमच्या बारवर आपला ताबा नसतो, तो लपवा आणि 64 पॉइंट (पडद्यावरचं मापाचं एकक) उंचीचा आपला व्ह्यू टाका. 20 स्टेटस बारचे (घड्याळ-बॅटरीची पट्टी), 44 नेव्हिगेशन बारचे. तेव्हाच्या सगळ्या आयफोनवर उभ्या स्क्रीनला ही बेरीज जुळायची, त्यामुळे बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. मी घेतली, पण त्यांच्याकडे चालणारा कोड होता आणि माझ्याकडे फक्त शंका.

पहिला फटका फोन कॉलमुळे बसला. त्या काळी कॉल चालू असताना दुसरं अ‍ॅप उघडलं की स्टेटस बार 20 चा 40 पॉइंट व्हायचा, आणि अ‍ॅपचा व्ह्यू तेवढा खाली सरकून तेवढाच आखूड व्हायचा. आमचा कोड मात्र पडद्याच्या उंचीतून 64 वजा करून खालचा भाग आखत होता. परिणाम असा की सगळ्यात खालच्या बटणाचा तळ पडद्याबाहेर गेला.

मग डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची सोय बंद पडली. सिस्टिमचा बार लपवला की ती बंद पडतेच. लोकांना ती इतकी सवयीची असते की ‘स्वाइप चालत नाही’ असं कोणी लिहीत नाही, ‘अ‍ॅप अडकतं’ असं लिहितात. आम्ही ते शोधण्यात बराच वेळ घालवला. लीडनी इंटरनेटवरून एक ओळ आणली: त्या जेश्चरचा डेलिगेट, म्हणजे ते कधी सुरू व्हावं हे ठरवणारा कोड, निल (रिकामा) करून टाका. स्वाइप परत आला आणि सगळे खूश झाले. पण आता पहिल्याच स्क्रीनवर, जिथून मागे जायला काही नाही, तिथेही जेश्चर सुरू व्हायला लागलं. कडेवरून बोट थोडं ओढलं आणि लगेच यादीतल्या एखाद्या ओळीवर टॅप केलं की अ‍ॅप गोठायचं. गोठायचं, क्रॅश व्हायचं नाही, त्यामुळे क्रॅश रिपोर्टमध्ये काहीच यायचं नाही. तीन दिवस मी दोन फोन समोर ठेवून तेच बोट तसंच ओढत बसले होते, तेव्हा कुठे ते गोठणं माझ्या हातात आलं. टायटल रुंदीमुळे सरकतंय हे शोधायला मी एक दिवस मागितला होता.

आणि मग 2017 च्या नोव्हेंबरमध्ये आयफोन टेन बाजारात आला. त्याचा स्टेटस बार 44 पॉइंटचा. म्हणजे बेरीज 64 नाही, 88. आमचं टायटल थेट पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्याच्या खाचेखाली गेलं, बॅक बटण घड्याळाच्या आकड्यांवर चढलं. 64 हा आकडा कोडमध्ये तीसेक फाइलींत पसरला होता. कुठे थेट 64, कुठे 20 अधिक 44, कुठे आधीच वजा करून ठेवलेला. शोधा-आणि-बदला करून भागणार नव्हतं. प्रत्येक स्क्रीन उघडून बघावी लागली. आयओएस 11 पासून सेफ एरिया (खाच, बार वगैरे सोडून उरणारी सुरक्षित जागा) होता, तो वापरून मी ते सगळं पुन्हा आखलं. ते केलं नसतं तर पुढे काय झालं असतं त्याचा हिशेब सोपा आहे: आयफोन 12 ला वरची सुरक्षित जागा 47, आयफोन 14 प्रोला 59. आकडा हार्डकोड करणाऱ्याने दर दोन वर्षांनी काम काढून ठेवलं म्हणायचं.

त्या वेळी बैठकीत लीड म्हणाले, ‘अ‍ॅपलने फोनचा आकार बदलला, यात आपली चूक नाही.’ हे वाक्य मला अजून सलतं. कारण त्याच अ‍ॅपमध्ये सेटिंग्जच्या तीन स्क्रीन होत्या. कोणाला वेळ मिळाला नाही म्हणून त्यांच्यावर सिस्टिमचाच बार राहून गेला होता. आयफोन टेनवर त्या तिन्ही पहिल्या दिवसापासून नीट दिसत होत्या. त्यांत कोणी एक ओळ बदलली नव्हती. मी ते फोनवर उघडून दाखवलं, तेव्हा विषय पुढे ढकलला गेला. फोन ज्याने बदलला त्यानेच बार लिहिलेला असला की फोनबरोबर बारही बदलून मिळतो. ‘ताबा नाही’ असं ज्याला ते म्हणत होते, त्याचाच हा फायदा आहे.

आता तुमचं टायटल. बार टायटल व्ह्यू आधी पूर्ण बारच्या मध्यावर ठेवून बघतो. तसं ठेवल्यावर तो एखाद्या बटणावर चढत असेल तर त्याला उरलेल्या जागेत सरकवतो. म्हणजे तो सरकतोय याचा अर्थ बार चुकत नाही, तुमचा व्ह्यू गरजेपेक्षा रुंद आहे. रुंद का होतो? बहुतेकदा दोन कारणं. एक, कोणीतरी फ्रेम (व्ह्यूची जागा आणि माप) देताना पडद्याची रुंदी देऊन टाकलेली असते. दुसरं, इंट्रिन्सिक कन्टेन्ट साइझ (आतल्या मजकुरावरून ठरणारं माप) ओव्हरराइड करून तिथे लेआउट फिटिंग एक्सपांडेड साइझ (शक्य तितकं मोठं माप) परत केलेला असतो. आयओएस 11 पासून बार आतून ऑटो लेआउट (नियमांवरून मापं काढणारी पद्धत) वापरायला लागला, जुन्या फ्रेमवाल्यांचे टायटल व्ह्यू आक्रसले, आणि तेव्हा ही दुसरी युक्ती सगळीकडे पसरली. तिने व्ह्यू दोन बटणांमधली सगळी जागा व्यापतो. मग तुम्ही लेबलचा मजकूर आत कितीही मध्यावर ठेवा, तो उरलेल्या जागेच्या मध्यावर बसणार, पडद्याच्या नाही. मला वाटतं तुमचं हेच झालंय. 2016 मध्ये माझंही मूळ जास्तीची रुंदी हेच होतं, आमची फ्रेम पडद्याएवढी रुंद होती.

म्हणून रुंदी देऊच नका. एक उभा स्टॅक व्ह्यू (आतले व्ह्यू एकाखाली एक रचणारा व्ह्यू) घ्या, अलाइनमेंट सेंटर, आत दोन लेबलं, आणि तो स्टॅक नेव्हिगेशन आयटमच्या टायटल व्ह्यूला द्या. दोन्ही लेबलं एका ओळीची, शेवटी कापली जाणारी. स्टॅक स्वतःची रुंदी मजकुरावरून काढतो आणि मजकूर बदलला की तीही बदलते. टायटल व्ह्यू व्ह्यूडिडलोडमध्येच, म्हणजे स्क्रीन दिसण्याआधी, लावा. व्ह्यूडिडअपिअरमध्ये लावलात तर स्क्रीन आत येईपर्यंत जागा रिकामी आणि मग टायटल टपकन उगवतं. नाव सर्व्हरवरून येणार असेल तरी स्टॅक आधी लावून ठेवा, मजकूर नंतर भरा.

पण खूप लांब नाव असेल तर गणित समजून घ्या. पडदा 375 पॉइंट रुंद आणि बॅक बटणाने डावीकडे 100 घेतले, तर मध्यावर राहायचं असेल तर उजवीकडेही 100 सोडावेच लागतात. टायटलला उरतात 175. उजवीकडे काहीही नसलं तरी 175 च. त्याहून लांब नाव हवं असेल तर एक तर ते सरकेल किंवा कापलं जाईल, तिसरा मार्ग नाही. कमाल रुंदीचं कॉन्स्ट्रेंट (मर्यादेचा नियम) लावून कापायचं ठरवू शकता. त्याआधी बॅक बटणाचा मजकूर काढून फक्त बाण ठेवा. आयओएस 14 पासून त्यासाठी बॅक बटण डिस्प्ले मोडमध्ये ‘मिनिमल’ आहे. हे मात्र मागच्या स्क्रीनच्या नेव्हिगेशन आयटमवर लावायचं असतं, तुमच्या चॅटच्या स्क्रीनवर नाही. इथे बरेच जण चुकतात आणि ‘चालत नाही’ म्हणतात.

उंचीही बघा. 17 पॉइंटची ठळक ओळ आणि खाली 12 ची, मिळून साधारण 35 पॉइंट होतात, 44 मध्ये आरामात बसतात. फोन आडवा केला की बहुतेक आयफोनवर बार 32 चा होतो आणि दुसरी ओळ बसत नाही. तेव्हा व्हर्टिकल साइझ क्लास (उपलब्ध उंचीचा सिस्टिमने ठरवलेला वर्ग) कॉम्पॅक्ट, म्हणजे कमी, असेल तर खालचं लेबल लपवा. लेबलला ठरावीक उंची कधीही देऊ नका. लॅटिन अक्षरांवर मापून दिलेल्या उंचीत देवनागरीची वेलांटी वरून आणि उकार खालून कापले जातात, आणि चाचणी इंग्रजी नावांवर झाली असेल तर ते कोणाला दिसतही नाही.

व्हॉइसओव्हर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) विसरू नका. साध्या टायटलला मथळा म्हणून ओळख आपोआप मिळते, तुमच्या स्टॅकला मिळत नाही. पूर्ण स्टॅकला एकच अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट करा, लेबलमध्ये नाव आणि स्थिती एकत्र द्या, ट्रेट (घटकाची ओळख) हेडर, म्हणजे मथळा, लावा. आमच्या ‘स्वतःच्या’ बारमध्ये हे काहीच नव्हतं. पडदा न बघता अ‍ॅप वापरणाऱ्या एका व्यक्तीने कळवलं, तेव्हा आम्हाला समजलं की बॅकचा बाणसुद्धा नुसतं ‘बटण’ म्हणून वाचला जातोय. आमच्या सगळ्या चुकांत मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

एक मधला मार्गही लोक सुचवतील: बार तसाच ठेवा आणि त्यावर लेबल सबव्ह्यू (बारच्या आतला व्ह्यू) म्हणून चिकटवा. तेही नको. बार सगळ्या स्क्रीनचा मिळून एकच असतो, तुमचं लेबल पुढच्या स्क्रीनवरही तसंच लटकत राहतं.

कोणी म्हणेल, सिस्टिमचा बारही मोडतोच की. खरं आहे. 2021 मध्ये आयओएस 15 आलं तेव्हा यादी अगदी वर असताना असंख्य अ‍ॅपचे बार पारदर्शक झाले, कारण स्क्रोल एज अपिअरन्स (यादी टोकाला असतानाचं बारचं रूप) सगळ्या बारना लागू झाला. ते दुरुस्त करायला मला एका जागी चार ओळी लिहाव्या लागल्या. तीसेक फाइली नाही.

स्विफ्टयूआय (यूआयकिटनंतरचा अ‍ॅपलचा साधनसंच) वापरत असाल तर यातलं बरंच सोपं आहे: टूलबारमध्ये प्रिन्सिपल (मधल्या) जागी एक व्हीस्टॅक (तिथला उभा स्टॅक) ठेवा, आयओएस 14 पासून चालतं. आणि फक्त आयओएस 26 आणि त्यापुढेच अ‍ॅप चालवायचं असेल तर यूआयकिटच्या नेव्हिगेशन आयटमलाच आता सबटायटल दिलंय. नाव टायटलमध्ये, स्थिती सबटायटलमध्ये, टायटल व्ह्यूची गरजच नाही. जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या असतील तर स्टॅकला पर्याय नाही. पूर्ण पडद्यावर फोटो दाखवणारी स्क्रीन किंवा गेम असेल तर बार लपवणं मला मान्य आहे, तिथे टायटलच नसतं. फोटोच्या वर टायटल हवं असेल तर मात्र बार लपवू नका, त्याचा अपिअरन्स पारदर्शक करा.

आज घरी गेल्यावर एवढं करा: अ‍ॅप चालू ठेवून एक्सकोडमध्ये (अ‍ॅपचा कोड लिहायच्या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्ह्यू डिबगर उघडा, टायटल व्ह्यू निवडा आणि त्याची रुंदी बघा. ती नावाच्या मजकुराएवढी नसून बॅक बटणाला टेकलेली असेल, तर तुमच्या कोडमध्ये एक्सपांडेड साइझ किंवा पडद्याची रुंदी शोधा आणि ती ओळ काढून टाका.