थायलंडमध्ये दीर्घ मुक्काम: व्हिसा आणि अपघात विमा

प्रश्न: वडील ६३ वर्षांचे आहेत. त्यांना वर्षभर चिआंग माईला राहायचं आहे. त्यांचा अपघात विमा आहे. व्हिसासाठी तो चालेल ना?

उत्तर: नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना मिळणाऱ्या ओ-ए व्हिसासाठी आरोग्य विमा लागतो, किमान ३० लाख बाट किंवा एक लाख अमेरिकी डॉलरचा. अपघात विमा फक्त अचानक बाहेरून झालेल्या इजेचे पैसे देतो. डेंग्यू किंवा हृदयविकारात तो उपयोगी नाही. शिवाय बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजार बाटचं उत्पन्न, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

पॉलिसीच्या तारखा नीट बघा. विमानतळावर मुक्कामाचा शिक्का विमा संपेल त्या दिवसापर्यंतचाच मिळतो. म्हणजे विमा आठ महिन्यांचा उरला असेल, तर मुक्कामही आठच महिन्यांचा. पॉलिसीचं प्रमाणपत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न: नोकरीनिमित्त फुकेतला राहते, भाड्याची स्कूटर चालवते. दुकानदार म्हणतो, गाडीला विमा आहे. मग मी वेगळा अपघात विमा का घ्यावा?

उत्तर: तो सांगतोय तो बहुधा सक्तीचा विमा, ज्याला तिथे ‘फोरोबो’ म्हणतात. चूक कोणाचीही असो, उपचाराला त्यातून ३० हजार बाटपर्यंत मिळतात. चूक तुमची नाही असं ठरलं, तर ८० हजारांपर्यंत. खासगी रुग्णालयात मांडीच्या हाडात रॉड टाकायचा झाला, तर ही रक्कम पुरणार नाही. म्हणून स्वतःचा विमा घ्याच.

तो घेताना मुखपृष्ठावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाचा असतो. ‘दर अपघाताला वैद्यकीय खर्च’ ही ओळ शोधा, तिथला आकडा बराच लहान निघतो. दुसरी ओळ दुचाकीची. काही पॉलिसींत दुचाकी वगळलेली असते, काहींत दुचाकीवरच्या अपघाताला भरपाई कमी असते, आणि मागे बसणाऱ्यालाही हाच नियम लागतो.

दावे सगळ्यात जास्त अडतात ते लायसन्सवर. चारचाकीचं लायसन्स स्कूटरला चालत नाही. आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट एकच वर्ष टिकतं आणि त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का हवा. तुम्ही तिथे राहता आहात, तेव्हा थाई लायसन्सच काढा: पासपोर्ट, इमिग्रेशनचा निवासाचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन भूपरिवहन विभागाच्या कार्यालयात जायचं. पहिलं लायसन्स दोन वर्षांचं मिळतं. दुचाकीचं वेगळं, चारचाकीचं वेगळं.

अपघात झालाच, तर रुग्णवाहिकेला १६६९, पोलिसांना १९१. रुग्णालयात पोचताच विमा कंपनीला कळवा, नाहीतर बिल आधी तुम्हालाच भरावं लागेल. पोलीस नोंदीची प्रत आणि मूळ बिलं जपा. डॉक्टरांच्या कागदावर ‘स्कूटर घसरून गुडघ्याला मार’ असं कारण लिहून घ्या. नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहिलं, तर विमा कंपनी तो आजार धरते आणि दावा फेटाळते.

प्रश्न: थायलंडमधल्या मुक्कामाची मुदतवाढ घेतलेली आहे. लग्नासाठी पंधरा दिवस मायदेशी जाऊन आलो तर चालेल का?

उत्तर: निघण्याआधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्या, एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. ते न घेता देश सोडलात, तर मुदतवाढ तिथेच रद्द होते. परदेशी भाडेकरू राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, ती टीएम-३० ची नोंद. त्याच पत्त्यावर परतलात, तर ती पुन्हा लागते का, इमिग्रेशनला विचारा. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला द्यायचा पत्ता-अहवाल परतल्या तारखेपासून नव्याने मोजा.